आम्हाला नवी बाग नको, आहे त्या बागेत तासभर बसता येऊ द्या

प्रति,
आमच्या भागाचे लोकप्रतिनिधी, तसंच उद्यान, रस्ते, विद्युत आणि आरोग्य खात्यांचे अधिकारी,

सादर नमस्कार.

परिसरातल्या सार्वजनिक जागा कशा सुधाराव्यात यावर आपण रहिवाशांच्या सूचना मागवल्यात, त्याबद्दल आभार. सूचनांसाठी जो छापील अर्ज दिला होता, त्यात कारंजं, खुली व्यायामशाळा, शोभेची कमान, रंगीत दिवे, फोटो काढायची जागा असे पर्याय होते आणि प्रत्येकापुढे टिकमार्क करायला चौकोन. आम्ही तो भरायला बसलो आणि तिथंच अडलो. तान्ह्या मुलांच्या आया, निवृत्त मंडळी, शाळकरी मुलं, घरात कुणी व्हीलचेअरवर असलेली कुटुंबं, अशा सगळ्यांशी बोलताना जे निघालं, त्यातलं जवळपास काहीच त्या चौकोनांत बसेना. शिवाय अर्ज जाणार एका खात्याकडे आणि आमचं म्हणणं पडतं तीन-चार खात्यांच्या मधे. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते खुलं.

सूचना गोळा करताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. कुणीही काही भव्य मागत नव्हतं. प्रत्येकाची तक्रार फिरून एकाच जागी येत होती: जागा आहे, पण तिथं थांबता येत नाही. कुणाला मुलाला शू लागली म्हणून उठावं लागतं, कुणाला ऊन लागतं म्हणून, कुणाला बाकावरून परत उठता येणार नाही या भीतीनं मुळात बसताच येत नाही. तेव्हा आमची पहिली विनंती अशी की उद्यान किती गुंठ्यांचं आणि त्यात खेळणी किती, हा हिशेब थोडा बाजूला ठेवावा आणि दुसरा मांडावा. चार वर्षांचं मूल, त्याची आई आणि त्याची आजी, ही तिघं एकत्र आली तर किती वेळ बसू शकतात? आणि जे लोक येतच नाहीत, ते का येत नाहीत?

सुरुवात स्वच्छतागृहापासून करतो. उद्घाटनाच्या भाषणात याचा उल्लेख कधी ऐकलेला नाही, पण बागेत किती वेळ काढायचा हे तेच ठरवतं. लहान मूल सांगतं तेव्हा हातात दोन-तीन मिनिटं असतात. मधुमेह असलेल्या किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना, गरोदर बायकांना जवळ स्वच्छतागृह नसेल तर फिरायला यायचं म्हणजे जोखीमच. कित्येक बायका घरून निघण्याआधी पाणी पीत नाहीत. हे त्या इतक्या सहज सांगतात की ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. आणि गंमत म्हणजे स्वच्छतागृह कागदोपत्री आहे. त्याला कुलूप असतं, किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि पहारेकरी असतो दुसऱ्या गेटवर. पहारेकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन गेटं, झाडांचं पाणी आणि कुलपं एकाच माणसाच्या गळ्यात घातली की दुसरं काय होणार?

इथं आमचं मागणं अगदी साधं आहे. बाग जितका वेळ उघडी, तितका वेळ स्वच्छतागृह उघडं, आणि त्यासाठी वेगळं माणूस. दाराला आतून लागणारी कडी आणि पिशवी अडकवायला एक हूक, म्हणजे ती दातांत धरावी लागणार नाही. एक बेसिन मुलांच्या उंचीचं. सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा. बायकांच्या बाजूला जास्त शौचकूप, कारण दोन्हीकडे सारखी जागा दिली की रांग नेहमी एकाच बाजूला लागते. आणि बाळाचं डायपर बदलायला एक फळी, पुरुषांच्या बाजूलाही. ही शेवटची सूचना ऐकून आमच्यातलेच काहीजण हसले होते. पण बाळाला घेऊन बाप एकटा येतो, येऊ लागलाय, आणि बाकावर बाळ आडवं घालून तो इकडेतिकडे बघत बसतो. अमेरिकेत २०१६ साली सरकारी इमारतींबाबत कायदाच झाला, की लोकांसाठी असलेल्या स्वच्छतागृहात ही सोय स्त्री-पुरुष दोन्हीकडे हवी. आपल्याला त्यासाठी कायदा कशाला लागतो? एक बिजागरी आणि एक फळी पुरते.

त्याला लागूनच स्तनपानाची जागा. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आरोग्य खात्याची भित्तिपत्रकंही सांगतात. मग ते बाळ दर दोन-तीन तासांनी घराबाहेरही भुकेजणारच. हिरकणी कक्ष बांधले जातात आणि थोड्याच दिवसांत त्यात झाडू, पाइप आणि रंगाचे डबे जाऊन बसतात, हे बऱ्याच जणींनी पाहिलंय. त्यामुळे बंद खोली देण्यापेक्षा झाडाखाली, भिंतीला पाठ असलेली, हात टेकायला दोन्हीकडे दांडे असलेली आणि समोरून निम्मा आडोसा असलेली बसायची जागा बरी, असं बहुतेकींचं मत पडलं. खोलीची अडगळ होते, बाकाची होत नाही.

आता गेटबद्दल. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून मुख्य दार बंद ठेवून बाजूला नळ्यांचं फिरतं गेट बसवलंय. दुचाक्या थांबल्या, हे मान्य. पण त्या नळ्यांनी बाबागाडी थांबवली, व्हीलचेअर थांबवली, वॉकर घेऊन येणारे आजोबा थांबवले. यावर 'फट जरा रुंद करा' ही सूचना सगळ्यात आधी येते आणि ती फसवी आहे. व्हीलचेअरला निर्धास्त जायला ९० सेंटीमीटर लागतात. दुचाकीचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास असतं. म्हणजे जिथून खुर्ची जाईल, तिथून दुचाकी जाणारच. हा प्रश्न लोखंडानं सुटणारा नाही. दार उघडं ठेवा आणि आत दुचाकी घालणाऱ्याला दंड करा. चार जणांच्या बेशिस्तीची शिक्षा खुर्चीवर बसलेल्या माणसाला कशासाठी?

रॅम्पचंही तेच. चढाचं प्रमाण एकास बारा, हा सर्वमान्य नियम आहे: १५ सेंटीमीटरची पायरी असेल तर रॅम्प १ मीटर ८० सेंटीमीटर लांब हवा. आपल्याकडच्या गेटाशी आहे तो याच्या निम्माही नाही, आणि वर गुळगुळीत फरशी. त्यावरून पावसात धडधाकट माणूसही घसरतो. रॅम्प संपतो तिथं एक खांब आहे. तो कशासाठी, हे कुणालाच सांगता आलं नाही.

बाग दुपारी उशिरापर्यंत ओस असते आणि मग 'लोक वापरत नाहीत' असा शेरा मिळतो. घसरगुंडीला हात लावून बघा. तिचं तोंड पश्चिमेला, वर छप्पर नाही, झाड नाही. उन्हाळ्यात चारच्या सुमाराला तिच्या पत्र्यावर मूल बसवणारी आई विरळाच. खाली घातलेला काळा रबरी मॅट तर त्याहून तापतो, अनवाणी पोर तिथं नाचतंच. झाडं लावली आहेत, पण कुंपणाच्या कडेनं, शोभेची, सरळसोट. सावली कुंपणावर पडते आणि माणसं उन्हात. खेळण्यांच्या पश्चिमेला पसरणारी चार झाडं लावली, ती मोठी होईपर्यंत कापडी छत ताणलं, तर याच जागेचा वापर दिवसाकाठी दोन-तीन तासांनी वाढेल. नव्या बागेच्या बजेटच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे.

बाकांविषयी ज्येष्ठांनी जे सांगितलं ते कुठल्याही नकाशात दिसणार नाही. बाकाला हात हवेत, कारण म्हातारा माणूस गुडघ्यांच्या जोरावर उठत नाही, हातांच्या जोरावर उठतो. पाठ हवी. बैठक ४५ सेंटीमीटरच्या आसपास हवी, त्याहून खाली गेली की उठणं कठीण. आणि सगळे बाक एका रांगेत, एकाच दिशेला तोंड करून नकोत. ते काटकोनात ठेवा, म्हणजे मान न वळवता बोलता येईल. सध्या काही बाकांचं तोंड थेट भिंतीकडे आहे. न्यूयॉर्कमधलं ब्रायंट पार्क एके काळी नशेबाजांचा अड्डा म्हणून बदनाम होतं. १९९२ मध्ये ते नव्यानं उघडलं तेव्हा तिथं जमिनीत न रोवलेल्या, उचलून हव्या तिथं नेता येतील अशा खुर्च्या ठेवल्या. माणसं ऊन बघून, सोबत बघून खुर्ची सरकवतात. त्या खुर्च्या आजही त्या बागेची ओळख आहेत. आमच्याकडे सुट्या खुर्च्या टिकतील का, यावर आमच्यात एकमत नाही आणि हे पत्र लिहिताना मी स्वतः साशंक आहे. पण बाक वळवायला तर कुणाची ना नसावी.

खेळण्यांबाबत आपला कल मोठं मैदान आणि मोठा संच घेण्याकडे असतो, आणि मोठी जागा मिळेपर्यंत सगळं थांबतं. ॲमस्टरडॅमनं उलट केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात मुलांना खेळायला जागा नव्हती. आल्डो व्हॅन आइक हा तरुण वास्तुरचनाकार तेव्हा नगरपालिकेत नोकरीला होता. १९४७ मध्ये त्यानं एका छोट्या चौकात पहिली खेळाची जागा केली: वाळूचा एक हौद, काही लोखंडी दांडे, बाक. मग लोक पत्रं लिहून सांगू लागले, आमच्या गल्लीतही अमुक एक जागा रिकामी आहे. १९७८ पर्यंत अशा ७०० हून अधिक जागा झाल्या, पडक्या घरांच्या मोकळ्या तुकड्यांवर, रस्त्याच्या रुंद कोपऱ्यांवर. आपल्या भागातही असे तुकडे आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या मागचा त्रिकोण सोडून द्या, तो धोक्याचा. पण बंद गल्लीचं टोक, पाण्याच्या टाकीची मोकळी बाजू, जप्त गाड्या गंजत पडलेली जागा, यांची यादी आम्ही करून देऊ. प्रत्येकात सगळं नको. एकात वाळू, एकात चढायचे दांडे, एकात नुसती सावली आणि ओटा.

झोक्याखाली मात्र काँक्रीट नको, ही अट. मूल पडणारच, प्रश्न एवढाच की कशावर. सुटी वाळू असेल तर ती किमान ३० सेंटीमीटर खोल हवी आणि ती वरचेवर उकरून मोकळी करावी लागते, नाहीतर दबून दगड होते. पायांनी खड्डा पडतो, पावसात तिथं पाणी साचतं आणि डास होतात. मग कुणीतरी वैतागून तक्रार करतं आणि खात्याचे लोक येऊन वर काँक्रीट ओततात. हे चक्र आम्ही पाहिलेलं आहे.

एका वयोगटाचा विचार कुठल्याच आराखड्यात नसतो: अकरा-बारा ते सोळा-सतरा. झोका त्यांना लहान पडतो, कट्ट्यावर बसले तर टवाळ ठरतात. त्यातही मुली दिसेनाशा होतात. व्हिएन्नामध्ये १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा आढळलं की नऊ-दहा वर्षांनंतर बागेतल्या मुलींची संख्या झपाट्यानं घटते, मुलांची नाही. कारण शोधल्यावर दिसलं की मोकळ्या जागेवर एकच मोठं मैदान असतं, आणि जागेसाठी ओढाताण झाली की मुली माघार घेतात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या. मैदानाचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, उजेड वाढवला, गटानं बसायच्या जागा केल्या. मुली परत आल्या, आणि म्हणून मुलांना हाकलावं लागलं असंही झालं नाही. आमच्या मैदानावर संध्याकाळी एकाच खेळाचा एकच घोळका असतो आणि बाकीचे कडेकडेनं जातात. मैदान मोठं करू नका, त्याचे दोन भाग करा. आणि हा बदल करण्याआधी चौदा वर्षांच्या मुलींना विचारा. त्यांच्या आयांना नाही, त्यांनाच.

हे सगळं आत. पण आत पोचायचं कसं? बाग रस्त्यापलीकडे आहे आणि मधे रस्ता असा की आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकटं सोडायची कुणाची छाती होत नाही. म्हणून मुलाबरोबर मोठं माणूस लागतं, मोठ्या माणसाला वेळ नसतो आणि मूल घरात स्क्रीनसमोर बसतं. मग सगळे मिळून मोबाइलला नावं ठेवायला मोकळे. जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला आहे की वाहनांचा सरासरी वेग एक टक्का वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. जिथं माणसं आणि वाहनं एकमेकांत मिसळतात तिथं ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता सुरक्षेवरच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलंय. नुसती पाटी लावून कुणी हळू जात नाही. गेटासमोरचं झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घ्या, म्हणजे गाडीला चढावं लागेल आणि बाबागाडीला उतरावं लागणार नाही. सिग्नलची वेळही बघा. साधारणपणे माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून ती बसवतात, म्हणजे १२ मीटरचा रस्ता दहा सेकंदांत. काठी टेकत ०.८ मीटरनं चालणाऱ्याला पंधरा लागतात. ते पाच सेकंद त्यानं रस्त्याच्या मधोमध काढायचे?

एक प्रयोग सुचवतो. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात. आज हे जाळं १२० किलोमीटरहून मोठं आहे. न्यूयॉर्कमध्ये १९१४ पासूनच काही गल्ल्या ठरावीक वेळी मुलांना खेळायला राखून ठेवत. आम्ही १२० किलोमीटर मागत नाही. एक गल्ली, रविवारी सकाळी दोन तास, दोन्ही तोंडांना अडथळे. आत राहणाऱ्यांच्या आणि तातडीच्या गाड्यांना वाट द्यायला आमचे स्वयंसेवक उभे राहतील. महिनाभर करून पाहू. नाही जमलं तर बंद करू.

उजेडाबद्दल थोडक्यात: उंच खांबावरचे दिवे झाडांच्या वर पेटतात आणि पायवाट अंधारात राहते. कमी उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळसर दिवे लावा. खुल्या व्यायामशाळेबद्दल आमचं काही म्हणणं नाही. लोक त्या यंत्रांवर बसून गप्पा मारतात, जे बाकांच्या तुटवड्याबद्दल पुरेसं बोलकं आहे.

आता आमच्यातले मतभेद, कारण 'रहिवाशांची एकमुखी मागणी' असं लिहिणं खोटं ठरेल. संध्याकाळी मुलांचा आरडाओरडा नको, असं काही ज्येष्ठांना वाटतं. मुलांच्या आईवडिलांना वाटतं, मग त्यांनी ओरडायचं कुठं? कुत्री आणावीत की नाही यावर एका बैठकीत खुर्च्या मागे सरकल्या. रात्री बाग बंद असावी, असं एका गटाचं ठाम मत. कामावरून उशिरा येणारे म्हणतात, आम्ही बाग बघायची तरी कधी? हे आपण आदेश काढून मिटवू नये, अशी विनंती आहे. गेटावर जो फलक आहे त्यावर काय काय करू नये याची लांबलचक यादी आहे, आणि त्यात 'चेंडू खेळू नये' हेसुद्धा आहे, मुलांच्या बागेत. वेळा वाटून देता येतील, कोपरे वाटून देता येतील. ते आम्ही भांडून का होईना, ठरवू. फक्त जे ठरेल त्याला आपली लेखी संमती द्या, म्हणजे नवा अधिकारी आला की पुन्हा पहिल्यापासून नको.

पैशाचा मुद्दा टाळता येणार नाही. नवं काही बांधायला निविदा निघते, कारण त्याला शीर्षक असतं आणि फीत कापता येते. झोक्याच्या साखळीची कडी झिजून अर्धी झालीय, तिला शीर्षक नाही. ती कडी बोटानं चाचपून बघितली तर धार लागते. आज-उद्या ती तुटेल, मग पूर्ण झोका 'धोकादायक' म्हणून काढून नेतील, आणि पुढच्या वर्षी नव्या संचाचा प्रस्ताव येईल. आमची मागणी अशी की या भागासाठी जी रक्कम नव्या कामांना ठेवली आहे, तिचा ठरावीक हिस्सा दरवर्षी फक्त देखभालीला बांधून ठेवा आणि तो कशावर खर्च व्हावा हे उघड सभेत रहिवाशांना ठरवू द्या. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ मध्ये लोकांना अंदाजपत्रकात थेट सहभाग देण्याची पद्धत सुरू केली आणि जगभरच्या अनेक शहरांनी ती उचलली. तेव्हा आम्ही काही जगावेगळं मागतोय असं नाही. सोबत, त्या मनाईच्या फलकाच्या जागी दुसरा लावा: खेळण्यांची शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी, जबाबदार पद कोणतं, तक्रार कुठं करायची.

आमच्याकडून काय? नवीन झाडांना दोन उन्हाळे पाणी घालायची पाळी आम्ही लावू. बदल करण्याआधी आणि नंतर बागेत कोण येतं, कुठल्या वयाचं, बाई की पुरुष, किती वेळ थांबतं, याची नोंद ठरावीक वेळी ठेवू आणि ती आकडेवारी, आम्हाला गैरसोयीची निघाली तरी, आपल्याला देऊ. महिन्यातून एकदा खात्याच्या माणसाबरोबर फेरी मारू. झाडलोट करायला मात्र आम्ही येणार नाही. त्यासाठी माणसं नेमलेली आहेत, त्यांना पुरेसे झाडू, हातमोजे आणि वेळेवर पगार द्या.

यात कुणाचे लाड नाहीत. खेळणं हा मुलांचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम ३१ सांगतं. आणि २०३० पर्यंत महिला, मुलं, ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींना सुरक्षित, हिरव्या सार्वजनिक जागा मिळाव्यात, हे शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी ११.७ क्रमांकाचं लक्ष्य आहे. २०३० काही लांब नाही.

सगळं एकदम होणार नाही, हे कळतं. क्रम आम्हीच लावून देतो: आधी स्वच्छतागृहाचं कुलूप आणि गेट, मग झोक्याच्या साखळ्या, त्यानंतर सावली आणि क्रॉसिंग. बाकीचं पुढच्या अंदाजपत्रकात. कारंजं सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

निर्णय घेण्याआधी एकदा प्रत्यक्ष पाहणीला यावं. मात्र वेळ सकाळी सातची ठेवू नये, त्या वेळी आमची बाग छानच दिसते. दुपारी चारला या. बाबागाडी आणि व्हीलचेअर आम्ही आणतो. आपल्यापैकी दोघांनी त्या गेटपासून स्वच्छतागृहापर्यंत ढकलत न्याव्यात, एवढंच.

कळावे,
आपले,
या भागातले रहिवासी